पळणाऱ्या वाहनाला शिक्षा किती?

चौकातला एक प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. नाकाबंदी लागलेली असते. एक फटफटी भरधाव येते. शिपाई हात वर करतो. चालक क्षणभर वेग आवरतो, इकडेतिकडे पाहतो आणि एकाएकी वेग वाढवून शिपायाच्या अंगावरून जावे तसा निसटतो. बघ्यांपैकी काही हसतात, काही चुकचुकतात, आणि कोणीतरी हटकून म्हणतो, "असल्यांना चांगले दहा वर्षे आत टाकले पाहिजे!" हे वाक्य रागाचे आहे, आणि तो राग मुळीच गैर नाही. परंतु कायदा करावयाचा तो रागाच्या भरात नव्हे, हिशेबाने करावयाचा असतो. तो हिशेब आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. पोलिसांना चुकवून पळणाऱ्या वाहनचालकाची शिक्षा वाढवावी काय, वाढवली तर तिचा उपयोग होतो काय, आणि होत नसेल तर कशाचा होतो, असे हे तीन प्रश्न आहेत.

प्रथम एक भेद करून ठेवू, कारण तो न केल्याने या विषयावरील निम्मी चर्चा फुकट जाते. पळण्याचे दोन प्रकार आहेत. पोलिसाने थांबण्याची खूण केली असता न थांबणे हा पहिला. अपघात करून, माणूस रस्त्यावर टाकून निघून जाणे हा दुसरा. दोहोंत चालक कायद्यापासूनच पळतो. पण पहिल्यात तो स्वतःचा एखादा लहानमोठा गुन्हा झाकण्यासाठी पळतो, आणि दुसऱ्यात त्याच्या पळण्यामुळे दुसऱ्याचा प्राण जाऊ शकतो. दोहोंना एकच माप लावणे न्यायाचे होणार नाही.

आता आपला कायदा पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्यात २०१९ साली झालेल्या मोठ्या दुरुस्त्या हा त्याचा मुख्य आधार. अधिकाऱ्याने कायदेशीरपणे दिलेला हुकूम मुद्दाम मोडणाऱ्यास १७९ व्या कलमाखाली दंड आहे. पूर्वी तो ५०० रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीने २,००० रुपये झाला. साध्या नाकाबंदीत न थांबता निघून गेलेल्या माणसावर सामान्यतः एवढीच तोफ डागता येते. पळताना त्याने बेफामपणे वाहन हाकून लोकांचे प्राण धोक्यात घातले, तर फौजदारी कायद्याचे वेगळे कलम लागते आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसाच्या अंगावर वाहन घातले तर अर्थात त्याहून पुष्कळ गंभीर कलमे आहेत. पण "पोलिसांपासून वाहनातून पळणे" या नावाचा स्वतंत्र, पायरीपायरीने शिक्षा सांगणारा गुन्हा आपल्या कायद्यात नाही.

आता एक साधे त्रैराशिक मांडू. एक तरुण परवाना नसताना फटफटी चालवीत आहे. विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड २०१९ पर्यंत ५०० रुपये होता. त्या दुरुस्तीने तो ५,००० झाला. समोर शिपाई दिसतो. थांबला तर ५,००० रुपये नक्की गेले. पळाला आणि सापडला तर ५,००० अधिक हुकूम मोडल्याचे २,००० मिळून ७,००० जाणार. पळाला आणि सापडलाच नाही, तर काहीच जाणार नाही. म्हणजे पळणाऱ्या सातांपैकी पाचांहून अधिक पकडले जात असतील तरच थांबणे शहाणपणाचे. एरवी निव्वळ पैशाच्या हिशेबाने पळणेच किफायतीचे! हेल्मेट नसलेल्याचा हिशेब निराळा. त्याचा दंड १,००० रुपये. पळून सापडला तर ३,०००. तिघांपैकी एकाहून अधिक पळपुटे सापडत असतील तर त्याने थांबावे हे बरे.

येथे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. मूळ गुन्ह्याचा दंड जसजसा वाढतो, तसतसा पळण्याचा मोह वाढतो. २०१९ साली कायदेमंडळाने रस्त्यावरील बेशिस्त मोडण्यासाठी बहुतेक सर्व दंड अनेक पटींनी वाढवले. हेतू उत्तम होता. पण विनापरवान्याचा दंड दहापट झाला आणि हुकूम मोडण्याचा दंड मात्र चौपटच झाला. थांबण्याची किंमत वाढली, पळण्याची त्या मानाने वाढली नाही.

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत तर हे फार तीव्र होते. १९९अ हे नवे कलम सांगते की, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जाईल. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होईल. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होईल. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळणार नाही. पालकाने आपणांस ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती असे सिद्ध केले तर तो सुटतो, हेही खरे. या कलमाचा हेतू पालकांनी किल्ली देऊ नये हा आहे, आणि तो योग्यच आहे. पण सोळा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. वडिलांची गाडी घेऊन तो निघाला आहे आणि समोर शिपायाचा हात वर झाला आहे. त्याच्या मनात त्या क्षणी काय येईल? "बाबांना तुरुंग!" हे एवढेच. तो थांबेल की पळेल? आणि पळेल तर रस्त्याने चालणाऱ्यांचे काय होईल? धाकाने माणूस वाकतो, तसाच धाकाने तो उधळतोही. घोडा पाळणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

तर मग पळण्याचा दंड वाढवावा, हे उत्तर सरळ दिसते. वाढवून पाहू. समजा, २,००० च्या जागी २०,००० केले. आता विनापरवाना तरुणाला पळून सापडल्यास २५,००० पडतील. म्हणजे पाचांपैकी एकाहून अधिक सापडत असतील तर तो थांबेल. दहांत एकच सापडत असेल तर? मग तराजू समतोल होण्यासाठीच पळण्याचा दंड ४५,००० रुपये करावा लागेल. शंभरांत एक सापडत असेल तर आकडा कोठे जाईल ते आपणच करून पाहा. पकडण्याची कमतरता शिक्षेने भरून काढावयाची म्हटले, तर शिक्षा अशी अवाढव्य होते की ती देताना न्यायाधीशाचाही हात अडखळतो.

हे अडखळणे काल्पनिक नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये लहानसहान चोऱ्यांनाही फाशी होती; त्या शतकाच्या अखेरीस फाशीचे गुन्हे दोनशेहून अधिक झाले होते. राहत्या घरातून चाळीस शिलिंग किमतीची वस्तू चोरली तर फाशी. परिणाम काय झाला? पंच मंडळी चोरलेल्या वस्तूची किंमत शपथेवर एकोणचाळीस शिलिंग ठरवू लागली! पोटासाठी चोरी करणाऱ्यास फासावर चढवणे त्यांना सोसवेना. फिर्यादीही फिर्याद देण्यास कचरू लागले. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती होण्याची शक्यता कमी, असा उलटा न्याय झाला.

याच शतकात, १७६४ साली, इटलीतील मिलान शहरच्या बेक्कारिया या तरुण लेखकाने गुन्हे आणि शिक्षा या विषयावर एक लहानसा ग्रंथ लिहिला आणि त्याने युरोपातील दंडनीतीचा पायाच हलवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, गुन्ह्याला आवर घालते ते शिक्षेचे क्रौर्य नव्हे, तर तिची निश्चिती. लहान पण न चुकणारी शिक्षा ही मोठ्या पण चुकवता येणाऱ्या शिक्षेपेक्षा अधिक परिणाम करते. त्याने पुढे असेही बजावले की, शिक्षा अतिकठोर असली की ती चुकवण्यासाठी माणूस एका गुन्ह्यावर दुसरा गुन्हा रचतो. मोटारीचा जन्मही झाला नव्हता त्या काळात लिहिलेले हे विधान आपल्या चौकातल्या त्या फटफटीवाल्याला किती तंतोतंत लागू पडते!

आता दुसऱ्या, अधिक दारुण प्रकाराकडे वळू. अपघात करून पळणे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३०,४८६ माणसे धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांमुळे मेली. म्हणजे रस्त्यावरील दर शंभर मृत्यूंपैकी अठरा.

यातील कोणकोण वेळेवर दवाखान्यात पोहोचले असते तर वाचले असते, हे सांगता येणार नाही. पण पळणारा माणूस मृताच्या घरच्यांना आणखी एका रीतीने लुटतो, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वाहन ओळखले गेले तर मृताचे कुटुंब दावा न्यायाधिकरणापुढे जाऊ शकते. मृताचे वय, त्याची मिळकत, त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे यांचा विचार करून भरपाई ठरते आणि ती विमा कंपनीकडून मिळते. वाहन ओळखलेच गेले नाही, तर १६१ व्या कलमाप्रमाणे एक ठराविक रक्कम तेवढी मिळते. १९८८ साली ती मृत्यूसाठी ८,५०० रुपये होती; १९९४ साली २५,००० झाली; आणि १ एप्रिल २०२२ पासून २ लाख झाली. जवळजवळ अठ्ठावीस वर्षे एका माणसाच्या जिवाची किंमत २५,००० रुपये होती, आणि तेही केवळ वाहनाचा क्रमांक कोणी पाहिला नाही म्हणून! कमावता पुरुष गेलेल्या घरात ही रक्कम किती दिवस पुरते, याचा हिशेब आपल्या घरातील कोणतीही गृहिणी करू शकेल.

या पळण्याला कायदा काय म्हणत आला? १८७० साली भारतीय दंडसंहितेत ३०४अ हे कलम घातले गेले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. थांबलेल्याला दोन वर्षे, पळालेल्यालाही दोनच. पळण्याबद्दल मोटार वाहन कायद्यात वेगळी शिक्षा होती: पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, २०१९ पासून सहा महिने किंवा ५,००० रुपये. उलट, दारू पिऊन वाहन चालवण्याची शिक्षा २०१९ पासून सहा महिने किंवा १०,००० रुपये किंवा दोन्ही. ह्यातील मेख पाहा. प्यालेला चालक थांबला, तर श्वासाची आणि रक्ताची तपासणी होऊन तो सापडतो. पळाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला, तर दारू रक्तातून उतरलेली असते. पुरावा त्याच्या शरीरानेच पुसून टाकलेला असतो. शुद्धीत असलेल्याने थांबावे आणि प्यालेल्याने पळावे, असा सल्लाच जणू आकडे देत होते.

२०२३ साली संसदेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली तेव्हा ही विसंगती दूर करण्याचा यत्न झाला. १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली; आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असे ठरवले की, बेफाम व निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यू घडवणारा जर घटनेनंतर लवकरच पोलीस अधिकाऱ्याला किंवा दंडाधिकाऱ्याला खबर न देता निसटला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होईल. थांबणाऱ्यास पाच, पळणाऱ्यास दहा. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. थांबणे आणि पळणे यांत कायद्याने प्रथमच एवढे मोठे अंतर ठेवले.

पण पुढे काय झाले ते आपल्या आठवणीत आहे. १ आणि २ जानेवारी २०२४ या दोन दिवशी ट्रकचालकांनी वाहने उभी केली. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. चालकांमध्ये असा समज पसरला होता की, अपघात झाला की दहा वर्षे कैद आणि सात लाख दंड. कायद्याच्या शब्दांत सात लाखांचा आकडा कोठेच नाही, आणि खबर देणाऱ्याला दहा वर्षांचे पोटकलम लागतही नाही. तथापि त्यांच्या तक्रारीतला गाभा खोटा नव्हता. ते म्हणत होते, "आम्ही थांबलो तर जमाव आम्हांला जिवंत सोडत नाही." २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी त्यांच्या प्रतिनिधींना सांगितले की, हे पोटकलम लागू करण्यापूर्वी वाहतूकदारांच्या संघटनेशी विचारविनिमय केला जाईल. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली ती हे पोटकलम वगळून.

चालकांची ही भीती कायद्याला पूर्वीपासून माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकाला जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य सांगते. पण जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर त्याला सूट देते, आणि पोलीस ठाण्यावर शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, खबर द्यावयास सांगते. नव्या पोटकलमात मात्र "लवकरच" एवढाच शब्द आहे. लवकरच म्हणजे किती? एक तास की एक रात्र? दूरध्वनीवरून दिलेली खबर चालेल काय? पुढच्या गावच्या ठाण्यात दिलेली चालेल काय? दहा वर्षांची कैद ज्या शब्दावर लटकते, तो शब्द असा सैल असता कामा नये. आणि येथे आपणांलाही एक कबुली दिली पाहिजे. चालकाला चोपणारा जमाव परक्या देशातून येत नाही. तो आपल्यातूनच उभा राहतो. आपण उचललेला प्रत्येक दगड पुढच्या दहा चालकांना पळायला शिकवतो, आणि त्यांच्या मागे रस्त्यावर पडलेला माणूस कदाचित आपल्याच घरचा असतो.

परदेशांचा अनुभव थोडक्यात पाहू. कॅनडाने २००० साली पोलिसांपासून वाहनातून पळणे हा स्वतंत्र गुन्हा केला. त्यात पायऱ्या होत्या: नुसते पळणे पाच वर्षांपर्यंत, त्यात कोणी जखमी झाल्यास चौदा, मृत्यू झाल्यास जन्मठेपेपर्यंत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात पाठलागातील वाहनाने एका लहान मुलीचा बळी घेतल्यानंतर २०१० साली असाच कायदा झाला. पहिल्या खेपेस तीन वर्षे, पुन्हा केल्यास पाच. त्या कायद्याची घडण अभ्यासण्यासारखी आहे. पोलीस पाठलाग करीत आहेत व आपण थांबले पाहिजे हे चालकाला ठाऊक असले पाहिजे किंवा ठाऊक असणे वाजवी असले पाहिजे. तरी तो न थांबलेला असला पाहिजे. आणि शिवाय तो बेफाम किंवा लोकांना धोका होईल अशा रीतीने पळालेला असला पाहिजे. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तरच ही शिक्षा. नुसता गोंधळलेला माणूस तिच्या जाळ्यात सापडत नाही.

पाठलागालाही किंमत असते, हा धडा अमेरिका देते. तेथे १९९६ ते २०१५ या काळात पोलिसी पाठलागांशी निगडित अपघातांत वर्षाला सरासरी ३५५ माणसे मेली, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक. त्यांत वाटसरू होते, दुसऱ्या वाहनांतली माणसे होती. उलट न्यूझीलंडच्या पोलिसांनी २०२० च्या अखेरीस पाठलाग फार आवरता घेतला, तेव्हा पळणाऱ्यांची संख्या वाढली आणि २०२३ साली धोरण पुन्हा बदलावे लागले. सदैव पाठलाग करणे घातक, कधीच न करणेही घातक. कधी करावा याला एकच कसोटी: पळणाऱ्याला सोडण्याचा धोका त्याच्या मागे धावण्याच्या धोक्याहून मोठा आहे काय? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी करून पोलिसांनी दहशतवाद्यांची मोटार अडवली आणि तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन एकाला जिवंत पकडून दिले. त्या मोटारीला सोडणे अशक्य होते. हेल्मेट नसलेल्या पोरामागे मात्र भर बाजारातून जीप पिटाळण्यात कसलाच पुरुषार्थ नाही.

मग करावे काय? आमच्या मते, पोलिसांपासून पळणे हा स्वतंत्र गुन्हा अवश्य करावा आणि त्याची शिक्षा आजच्या २,००० रुपयांहून वाढवावी. परंतु ती पायऱ्यांची असावी: नुसते न थांबणे, बेफामपणे पळणे, आणि पळताना कोणास इजा करणे. पोलीस गणवेशात असावा आणि त्याची खूण स्पष्ट असावी, हेही कायद्यात लिहावे. रात्रीच्या अंधारात साध्या वेशातील माणसाने हात केला आणि एखादी बाई गाडी न थांबवता पुढे गेली, तर तिला कोण दोष देईल?

दुसरे, सापडण्याची निश्चिती वाढवावी. ती शिक्षेहून स्वस्त आणि परिणामकारक आहे. शिपायाने अंगावर झेप घेण्याची गरज नाही. क्रमांक टिपला की पुरे. १३३ व्या कलमाप्रमाणे त्या वेळी वाहन कोण चालवीत होते हे पोलिसांना सांगणे मालकावर बंधनकारक आहे. २०१९ पासून नव्या वाहनांना सुरक्षित क्रमांकपट्टी सक्तीची झाली आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे वेग मोजत आहेत. पळालेल्याच्या दारात दुसऱ्या दिवशी शिपाई उभा राहिला, तर पळण्याचा धंदा आपोआप बुडतो.

तिसरे, थांबणाऱ्यासाठी दार उघडे हवे. अपघात झाल्यावर ११२ या क्रमांकावर दिलेली खबर, किंवा जमावाच्या भयाने पुढच्या ठाण्यात जाऊन दिलेली खबर, ही खबरच समजली जाईल असे स्पष्ट शब्दांत लिहिले, तर दहा वर्षांचे पोटकलम चालकांना फास वाटणार नाही. आणि चौकातला व्यवहारही स्वच्छ हवा. थांबले की पावती मिळते आणि प्रकरण संपते, असा ज्याचा अनुभव आहे तो थांबतो. थांबले की घासाघीस सुरू होते, असा ज्याचा अनुभव आहे तो पळतो.

दंड कितीही लिहा, चौकातल्या त्या एका क्षणी कायद्याचे पुस्तक कोणी उघडून पाहत नाही. त्या क्षणी माणसाजवळ असते ती त्याची सवय आणि त्याची भीती. सवय घरात लागते. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली न देणारा बाप चौकातला निम्मा प्रश्न घरीच सोडवतो. आणि कायद्याने एवढेच पाहावे की, उरलेल्या निम्म्या वेळी माणसाला थांबण्याची भीती पळण्याच्या भीतीहून नेहमी लहान वाटेल.